करवंट्यांचा नाच: कंबोडियातल्या एका अनाथालयाचं प्रकरण

२०१४च्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून बावीस जण व्हिएतनाम-कंबोडियाच्या सहलीला गेलो होतो. दिवसभर अंकोरवाट चालून पायांचे तुकडे पडले होते. हॉटेलकडे परतताना गाइडनं बसमध्ये माइक हातात घेतला: जेवणाआधी अर्धा तास अनाथ मुलांचा नाच आहे, तिकीट नाही, मनाला येईल ते द्या. छापील कार्यक्रमात त्याचं नाव 'स्थानिक संस्कृतीची झलक' असं होतं. वाटेत बस एका दुकानापाशी थांबली. कुणाला तांदळाचं पोतं द्यायचं असेल तर इथूनच घ्या, असं त्यानं दोनदा सांगितलं. 'इथूनच' हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आम्ही वर्गणी काढून दोन पोती घेतली.

पत्र्याची शेड, दोन ट्यूबलाइटी, प्लास्टिकच्या खुर्च्या. आठ ते बारा वयाची मुलंमुली दोन्ही हातांत नारळाच्या करवंट्या घेऊन आली. करवंट्या घासून घासून काळ्या तुळतुळीत झालेल्या. आधी स्वतःच्या, मग जोडीदाराच्या, मग गुडघ्यावर, असा तो ताल. एकदाही चुकला नाही. रोज संध्याकाळी करणाऱ्याचा कशाला चुकेल?

नाच संपला तशी चार-पाच वर्षांची एक मुलगी, जी नाचात नव्हती, सरळ आमच्यातल्या एका काकूंच्या मांडीवर येऊन बसली. नाव विचारायच्या आत तिचे हात काकूंच्या गळ्यात. काकूंना भरून आलं. "अगं, किती लळा लावतात बघ ही लेकरं," त्या म्हणाल्या आणि मला फोटो काढायला लावला. मीही काढला. पंधरा मिनिटांनी बसचा हॉर्न वाजला, काकूंनी डोळे पुसत तिला खाली उतरवलं. फाटकातून पुढचा गट आत येत होता, कोरियन असावेत. तीच मुलगी त्यातल्या एका बाईंकडे गेली आणि तसेच हात टाकले.

मी तोवर आमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर काही वर्षं काम केलं होतं. पाच वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या, आजीच्या, निदान मोठ्या बहिणीच्या आड जातं, तिथून एका डोळ्यानं बघतं. पदराआड न जाणारं मूल बघितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हिला पदर कुणाचा आहे? त्या रात्री तोही आला नाही. सहलीत माणूस सहलीतलाच होतो.

परत आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना, आणि कंबोडियाबद्दल मिळेल ते वाचू लागले. तेव्हा समोर आलं ते बाटाम्बांगचं प्रकरण. ते पुरतं समजून घेतलं तर आमच्या त्या अर्ध्या तासाचा हिशेब लागतो, म्हणून ते सविस्तर मांडते.

बाटाम्बांग, २००५ ते २००७

बाटाम्बांग हे कंबोडियाच्या वायव्येचं शहर. आसपास सगळी भातशेती, देशाचं तांदळाचं कोठार म्हणतात. तारा विंकलर ही ऑस्ट्रेलियन मुलगी २००५मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असताना फिरायला म्हणून या देशात आली. इथल्या एका अनाथालयाला तिनं भेट दिली, मुलं बघून हलली आणि घरी जाऊन पैसे गोळा करायला लागली. इथपर्यंत ही गोष्ट हजारो तरुण-तरुणींची आहे. तिची वेगळी झाली ती ती पुन्हा आली म्हणून, आणि आल्यावर राहिली म्हणून.

२००७मध्ये ती परतली तेव्हा तिला दिसलं की संस्थेचा चालक देणगीतला पैसा स्वतः खात होता. मुलं इतकी उपाशी की उंदीर पकडून खात होती. मारहाण होती, त्याहून वाईटही होतं. तिनं जेथा पोन या स्थानिक सहकाऱ्याबरोबर आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या मदतीनं १४ मुलांना तिथून बाहेर काढलं. त्यांच्यासाठी नवं घर उघडलं, संस्था काढली: कंबोडियन चिल्ड्रन्स ट्रस्ट. ऑस्ट्रेलियात तिचं कौतुक झालं. २०११मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याची 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' म्हणून तिची निवड झाली.

आपल्याकडच्या कुठल्याही पुरवणीत ही गोष्ट इथं संपली असती. वाईट अनाथालय गेलं, चांगलं आलं, मुलं हसली.

पण विंकलर ख्मेर भाषा शिकली. मुलांशी दुभाष्याविना बोलायला लागल्यावर तिला जे कळलं त्यानं तिच्या सगळ्या कामाचा पायाच काढून घेतला. मुलं अनाथ नव्हतीच. बहुतेकांना आई, बाप, आजी, मावशी असं कुणी ना कुणी होतं, आणि काहींची घरं फार लांबही नव्हती. म्हणजे वाईट अनाथालयातून सोडवून तिनं त्यांना नेलं कुठं, तर दुसऱ्या अनाथालयात. तिथं जेवण चांगलं होतं, माणसं प्रेमळ होती, आणि तरी घर ते घर नव्हतं.

तिची मला वाटलेली खरी धिटाई पुढची आहे. हे तिनं लपवलं नाही. ज्या देणगीदारांनी अनाथांसाठी म्हणून पैसे दिले होते त्यांच्यासमोर ती उभी राहिली आणि आपण चुकलो असं म्हणाली. २०१६मध्ये सिडनीत भर सभेत तिनं हेच सांगितलं. संस्था चालवणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते मला माहीत आहे. आमच्या समितीपुढे आलेल्या एकाही संस्थाचालकाच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलेलं नाही.

आईबाप असताना मूल अनाथ कसं होतं

ख्मेर भाषेत अनाथालयाला 'मोंडोल कोमार कॉम्प्रिया' म्हणतात. पहिले दोन शब्द आपल्याच मंडल आणि कुमारचे भाऊबंद. अनाथपण सगळं तिसऱ्या शब्दात. गावातल्या आईबापाच्या कानावर मात्र तो तिसरा शब्द फारसा जात नाही. त्यांना सांगितलं जातं की शहरात एक केंद्र आहे, तिथं तीन वेळा जेवण, इंग्रजी शिकवतात, परदेशी लोक येतात. सांगणारा ओळखीचा असतो, बऱ्याचदा नात्यातलाच.

हे ऐकून आपण नाक मुरडायचं कारण नाही. मेळघाटातला किंवा जव्हार-मोखाड्यातला बाप मुलाला आश्रमशाळेत घालतो तेव्हा तो त्याला टाकत नसतो. दिवाळीला पोरगं घरी येणार हे त्याच्या मनात पक्कं असतं. कंबोडियातल्या आईच्या मनातही तेच. एक हंगाम गेलेला, बचत गटाचं नाही तर मायक्रोफायनान्सचं कर्ज, नवरा पोइपेटची हद्द ओलांडून थायलंडला मजुरीला. सरकारी शाळा कागदावर फुकट. पण मास्तरांचा पगार तुटपुंजा, म्हणून मुलांकडून रोज थोडे रिएल गोळा होतात, वर शिकवणी, वह्या, सायकल. चार मुलांतल्या दोघांची तरी सोय लागते आहे असं वाटलं तर कुठली आई नाही म्हणेल?

फरक फाटकाच्या आत गेल्यावर पडतो. तिथं त्या मुलाची आई नाहीशी होते. कधी कागदावर, खोट्या दाखल्यानं. कधी नुसतीच तोंडानं. पाहुण्यांना काय सांगायचं ते मुलाला शिकवलं जातं. केट व्हॅन डूर या ऑस्ट्रेलियन कायदेतज्ज्ञ अशा मुलांना 'कागदी अनाथ' म्हणतात. त्यांचीही कहाणी हीच. ज्या संस्थेशी त्या जोडलेल्या होत्या तिच्या नेपाळमधल्या घरात ज्या मुली अनाथ म्हणून वाढत होत्या, त्यांना घरं होती असं मागाहून उघड झालं.

आता आकडे. २००५मध्ये कंबोडियात १५४ निवासी संस्था होत्या. २०१०मध्ये २६९. पाच वर्षांत पाऊणपट वाढ. त्या २६९मधल्या सरकारनं चालवलेल्या फक्त २१, बाकी देणगीवर. कंबोडियाचं समाजकल्याण मंत्रालय आणि युनिसेफ यांनी मिळून केलेल्या पाहणीचे हे आकडे २०११मध्ये बाहेर आले. त्यातच होतं की दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात आहेत. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची नरसंहार करणारी राजवट १९७९मध्ये संपली. त्या कत्तलीतले अनाथ एव्हाना चाळिशीकडे झुकले होते. एचआयव्हीची साथही ओसरत चालली होती. मग अनाथालयं वाढली कशानं? २००० साली या देशात परदेशी पाहुणे पाच लाखांहून कमी आले. २०१०मध्ये २५ लाख. ते उतरत कुठे होते? राजधानी नॉमपेन्हला आणि अंकोरसाठी सिएम रीपला. अनाथालयांची दाटीही तिथंच.

नेपाळचं चित्र आणखी उघडंवाघडं आहे. तिथं माओवादी युद्धाच्या काळात दलालांनी हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांकडून शाळेच्या नावानं वर पैसे घेऊन मुलं उचलली. देशातली सुमारे ९० टक्के नोंदणीकृत बालगृहं तेव्हाच्या ७५पैकी पाच जिल्ह्यांत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे जंगल सफारी. गरिबी हुम्ल्यात आणि अनाथालयं काठमांडूत, ठमेल या पर्यटकांच्या वस्तीपासून टॅक्सीच्या अंतरावर.

धंद्याचं गणित सोपं आहे. घरात मूल दिसलं की पैसा येतो. जास्त मुलं, जास्त पैसा. स्वयंसेवक म्हणून महिनाभर राहायला येणारा आपल्या देशातल्या एजन्सीला चांगली रक्कम भरतो, तिचा एक वाटा संस्थेला मिळतो. शिवाय येतानाची खेळणी, जातानाची देणगी, घरी गेल्यावरचा दरमहाचा चेक. मुलं नीटनेटकी, गुटगुटीत दिसली तर पाकीट कमी उघडतं. म्हणून काही ठिकाणी कपडे फाटके आणि अंग बारीक ठेवलं जायचं, असं या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी वारंवार नोंदवलंय. सगळ्या संस्था अशा होत्या असं मी म्हणत नाही. सरळ माणसांनी चालवलेल्याही होत्या. बाटाम्बांगचं दुसरं घर तसंच होतं. पण रचना अशी की सरळ माणसाच्या घरातही रिकामी खाट म्हणजे तोटाच.

मांडीवर बसलेल्या मुलीबद्दल

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या चिडल्या. "त्या पोरीला पंधरा मिनिटं तरी माया मिळाली ना? ती तर खोटी नव्हती." नव्हतीच. काकूंच्या मायेबद्दल मला शंका नाही.

पण पोरीच्या बाजूनं बघा. महिन्याला पाच-सहा स्वयंसेवक येतात, प्रत्येक जण गाणी शिकवतो, कडेवर घेतो, मी तुला विसरणार नाही म्हणतो आणि जातो. पहिल्या दोन-तीन वेळा मूल रडतं. मग रडणं थांबतं. पाहुणे त्याला समजूतदारपणा समजतात. त्यानंतर मूल कुणाच्याही गळ्यात पडायला लागतं आणि कुणीही गेलं तरी चालतं. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २०००च्या सुमारास सुरू झालेल्या बुखारेस्टच्या दीर्घ अभ्यासात हे नीट मांडलंय: संस्थेत वाढलेल्या मुलांत अनोळखी माणसाशी अशी सरसकट सलगी जास्त आढळते, आणि दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं बऱ्याच बाबतींत सावरतात. आपण ज्याला लळा म्हणतो ते त्या मुलाचं दुखणं असतं. २०१०मध्ये लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवावरून हेच लिहिलं होतं.

आणि एक साधी गोष्ट. आम्ही बावीस जण त्या शेडमध्ये गेलो तेव्हा आमचं नावही कुणी लिहून घेतलं नाही. काकूंच्या जागी कोण बसलं असतं, सांगता येतं का? सिडनीत कुठलाही परका माणूस पोलीस पडताळणीशिवाय बालगृहात शिरून मुलांना मांडीवर घेऊ शकत नाही. तिथलाच माणूस विमानानं कंबोडियात आला की घेऊ शकत होता. नॉमपेन्हमध्ये १९९४पासून काम करणाऱ्या फ्रेंड्स-इंटरनॅशनलनं २०११मध्ये एक भित्तिपत्रक काढलं: संग्रहालयातल्या काचेच्या पेटीत मुलं, भोवती कॅमेरे घेतलेले पर्यटक. खाली ओळ, मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हे. पुढं ते बघताना मला आमचा मोबाइल आठवला.

उसवायचं कसं

बाटाम्बांगच्या संस्थेनं यानंतर जे केलं ते फोटोत येण्यासारखं नाही. त्यांनी अनाथालय चालवणं सोडलं आणि मुलांची घरं शोधायला घेतली.

हे काम असं चालतं. मुलाला गावाचं नाव धड आठवत नसतं. एखादी नदी, पॅगोडा, मामाचं नाव आठवतं. त्यावरून समाजसेवक मोटरसायकल काढून कम्यूनच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या, कार्यालयात जातो. घर सापडलं की लगेच मूल नेऊन सोडायचं नसतं. आधी घरी कोण आहे, दारू किती, कर्ज किती, मुलाला पाठवलं तेव्हा नक्की काय घडलं होतं, ते बघायचं. मग भेट, मग सुट्टीतले चार दिवस, मग मुक्काम. सोबत घराला आधार: काही महिने तांदूळ, शाळेचा खर्च, आईला भाजीची गाडी किंवा डुकराची पिल्लं. त्यानंतर महिन्याच्या महिन्याला चक्कर. जिथं घर खरोखर धोक्याचं असतं तिथं आजी, मावशी, नाहीतर पालक-कुटुंब. इतकं करूनही दर मुलामागचा खर्च संस्थेतल्या खाटेपेक्षा बहुधा कमीच येतो.

सोपं नाही. सात वर्षं शहरात, नळाच्या पाण्यात आणि इंग्रजीत वाढलेली मुलगी गावातल्या खांबांवरच्या लाकडी घरात परत येते तेव्हा धाकटी भावंडं तिला 'बोंग', म्हणजे ताई, म्हणतात. तिला त्यांची नावं पाठ करावी लागतात. काही मुलं जायला नको म्हणतात. काही जाऊन परत येतात.

म्हणूनच कंबोडिया सरकारनं पाच प्रांतांतल्या संस्थांमधली ३० टक्के मुलं २०१८पर्यंत घरी पोचवायचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा दिशा पटूनही मला धास्ती वाटली. सरकारची गरज खरी होती. २०१५च्या मोजणीत निवासी संस्था ४०६ निघाल्या, त्यांत १६,५७९ मुलं. पण टक्केवारीत मोजलं की काय होतं ते मी मार्चअखेरीला बघितलंय. फायली निकाली निघतात. मुलाचं काय झालं ते फायलीत नसतं.

ऑस्ट्रेलियात संसदेच्या समितीनं २०१७मध्ये यावर चौकशी केली. २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराला गुलामगिरीचा प्रकार मानलं गेलं. असं करणारा तो पहिला देश. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही आपल्या ठरावात अशा स्वयंसेवा-पर्यटनातून होणाऱ्या अपायाची दखल घेतली. विंकलर आणि व्हॅन डूर दोघीही ऑस्ट्रेलियातल्याच, हा योगायोग नसावा. ज्या देशांतून सर्वांत जास्त भाबडे पैसे गेले त्यांतल्या एका देशात आधी डोळे उघडले, एवढंच.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्यानं संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, मूल बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं, आणि कलम ७४नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. तरी नातवाच्या वाढदिवसाला बालगृहात केक कापून त्याचे फोटो स्टेटसला टाकणारे सुशिक्षित लोक मला दर महिन्याला दिसतात. मूल घरातच राहावं म्हणून पैसे देणारी बालसंगोपन योजना महाराष्ट्रात आहे, दरमहा २,२५० रुपये. माझ्या ओळखीच्या दहांतल्या नऊ देणगीदारांनी तिचं नाव ऐकलेलं नाही. एका विधवेचा त्या योजनेचा अर्ज भरून द्यायला, उत्पन्नाचा दाखला काढून द्यायला दोन दिवस जातात. केक अर्ध्या तासात कापून होतो.

सहलीहून आल्यावर मी त्या पर्यटन कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, मग फोनही केला. फोनवरचा मुलगा सौजन्यानं बोलला. म्हणाला, "मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण लोकांना तो कार्यक्रम फार आवडतो. फीडबॅकमध्ये अंकोरवाटच्या खालोखाल तोच असतो." मी पुन्हा सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, साहेबांशी बोलतो म्हणाला. पुढच्या वर्षीचं त्यांचं माहितीपत्रक मी मुद्दाम मागवलं. सिएम रीपच्या दुसऱ्या दिवशी 'स्थानिक संस्कृतीची झलक' तिथंच होती. पुढं एक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ऐच्छिक.